विमानतळावर आपला जथा
कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेला (स्थापना १९१२) भेट द्यायला ४० सभासद विमानाने निघाले, की खरी कसोटी विमानतळावरच लागते. रेल्वेने येणारे कोणी कल्याणला उतरतात, कोणी ठाण्याला. तिथेच फाटाफूट होते. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुटतात, तेव्हा तिकिटावरचे विमानतळ आधी वाचावे. काउंटर साधारण तासभर आधी बंद होते. मागे राहिलेल्या चौघांसाठी ते थांबत नाही. तिकिटावर आधारकार्डाप्रमाणेच नाव हवे. एकीकडे माहेरचे, दुसरीकडे सासरचे निघाले की रांग अडलीच. अडकित्ता हातातल्या पिशवीत नको. सभासद बंधू-भगिनींनो, दहा जणांमागे एक प्रमुख नेमा. ऊसतोडीच्या टोळीला मुकादम लागतो, तसाच इथेही!