जुनी मोटार : वय पाहावे की जपणूक?

गेल्या मे महिन्यात माझे मामा नोकरीतून निवृत्त झाले. आयुष्यात एकदा तरी स्वतःची मर्सिडीज चालवावी, ही त्यांची जुनी हौस. नवी घेणे शक्यच नव्हते. म्हणून फंडातील थोडी रक्कम बाजूला काढून त्यांनी दोन जुन्या गाड्या हेरल्या. एक कोल्हापूरची, १९९६ सालची ई-२२०. दुसरी पुण्याची, २००५ सालची ई-क्लास. किंमत जवळजवळ सारखीच. मामा म्हणाले, "अरे, तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग बघू, कुठली घेऊ?"

वरवर पाहता उत्तर सोपे आहे. नऊ वर्षांनी लहान असलेली गाडी घ्यावी. पण प्रश्न वाटतो तितका सरळ नाही.

पहिली गाडी 'डब्ल्यू १२४' मालिकेतील. ही मालिका जर्मनीत १९८४च्या अखेरीस निघाली आणि १९९५ पासून तिची जुळणी पुण्यात होऊ लागली. दुसरी २००२ साली आलेल्या 'डब्ल्यू २११' मालिकेतील. या दोहोंमधील खरे अंतर वर्षांचे नाही, विचारांचे आहे.

ब्रेकचेच उदाहरण घेऊ. जुन्या गाडीत पेडल दाबले की पायाचा जोर, इंजिनाच्या निर्वाताची मदत घेऊन, तेलामार्फत चाकापर्यंत पोचतो. पास्कलचा नियमच तो! २००५च्या गाडीत पेडल ही केवळ सूचना असते. ती संगणकाला मिळते, आणि विजेच्या पंपाने साठवून ठेवलेला दाब संगणक प्रत्येक चाकाला हवा तेवढा सोडतो. कल्पना सुंदर. परंतु २००४ व २००५ साली या यंत्रणेच्या तपासणीसाठी लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि २००६ साली या मालिकेतून ती काढून टाकण्यात आली. यंत्रणा बंद पडली तरी पुढच्या चाकांना ब्रेक लागतो; मात्र पेडल खोल जाते आणि जोर पुष्कळ लावावा लागतो. चोर्ला घाटाच्या उतारावर हा अनुभव कोणाला हवा? शिवाय ब्रेक किती वेळा दाबला याची नोंद पंप स्वतःच ठेवतो, आणि ठरावीक आकडा पुरा झाला की इशारा देतो.

म्हणून जुनी निर्दोष, असे मात्र नव्हे. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांच्या तारांवरील वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन गळते, ही तिची प्रसिद्ध खोड. रबरी नळ्या तर गाडी उभी असली तरी म्हाताऱ्या होतात. आणि मामींनी नेमके विचारले, "कुठे धडकली तर?" तेव्हा मला कबूल करावे लागले की त्या बाबतीत नवी गाडी सरस. तिच्यात हवेच्या उशा अधिक आहेत, आणि घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा आहे, जी जुनीत नाही.

शेवटी निकाल लावला तो कागदांनी. जुन्या गाडीच्या मालकांनी प्रत्येक पावती जपली होती. तारांचा संच बदलल्याचे बिलही त्यात होते. नवीच्या पंपाविषयी एक चिठोरेही मिळाले नाही. जुनीचे दुखणे डोळ्यांना दिसते, हाताला लागते, आणि एखादा बुश झिजला तर तो करून देणारा टर्नर आपल्या उद्यमबागेत भेटतो. नवीचे दुखणे संगणक लावल्यावाचून कळत नाही.

मामांनी जुनी घेतली. पण माझ्या दोन अटींवर. टायर आणि ब्रेकच्या नळ्या बदलल्याखेरीज घाटात न्यायची नाही, आणि किमतीच्या एक तृतीयांश रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवायची. टायरचे वय त्याच्या कडेवरील चार आकड्यांत असते : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. शिवाय महाराष्ट्रातून ना-हरकत दाखला, कर्नाटकाचा कर व नवा नंबर हे सोपस्कार आलेच. आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरणही.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही उद्या जुनी मोटारसायकल घ्यायला जाल, तेव्हाही आधी साल विचारू नका. आधी पावत्या मागा.