पेरूचा समुद्र आणि आपल्या अंगणातला पाऊस

मृग कोरडा गेला की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: यंदा पाऊस का रुसला? बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी कुटुंबांत या प्रश्नामागे एक जुनी धास्तीही दडलेली आहे. संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० चा 'छप्पनिया' दुष्काळ आपल्या पणजोबांच्या पिढीने सोसला. १८९१ च्या शिरगणतीत चोवीस लाखांवर असलेली बडोदे संस्थानची वस्ती, दुष्काळ व त्यामागून आलेल्या रोगराईमुळे, १९०१ मध्ये साडेएकोणीस लाखांवर आली. त्या साली चांगल्या पावसाचे सरकारी भाकीत झाले होते. ते साफ चुकले.

पाऊस का रुसला, हे आपले वाडवडील पंचांगाला विचारीत आले. आज आपण तो प्रश्न समुद्राला विचारून पाहू.

चुलीवरून उतरलेला तवा लौकर निवतो. आधणाचे पातेले मात्र बराच वेळ गरम राहते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जमीन आणि समुद्र यांचा स्वभाव असाच आहे. समुद्राच्या केवळ वरच्या दोन-तीन मीटर पाण्यात साऱ्या वातावरणाइतकी उष्णता मावते. शिवाय हे पाणी एका जागी थांबत नाही. वारा त्याला ढकलतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. आणि ध्रुवांकडचे थंड, खारट, म्हणून जड झालेले पाणी तळाशी जाऊन शेकडो वर्षांच्या संथ प्रवासाला निघते. अशा रीतीने समुद्रात जणू नद्याच वाहतात: काही ऊन, काही थंड.

त्यांपैकी गल्फ प्रवाहाचे नाव आपण शाळेत ऐकलेले असते. इंग्लंडहून अमेरिकेस जाणाऱ्या टपालाच्या जहाजांना फार दिवस का लागतात, याचा शोध घेताना बेंजामिन फ्रँकलिनने १७६९-७० च्या सुमारास या प्रवाहाचा नकाशा छापविला. जहाजे प्रवाहाच्या उलट हाकारली जात होती! लंडन आणि कॅनडातील लॅब्राडोर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. परंतु लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात बर्फाने गोठतो आणि लंडनला साधा गारठा असतो. यात पश्चिमेच्या वाऱ्यांचा वाटा मोठा आहेच. पण ते वारे ज्या समुद्रावरून येतात, त्याला ऊब पुरविण्याचे काम हे प्रवाह करतात.

तथापि आपल्या पावसाचे धागेदोरे याहून दूर, दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्यापर्यंत पोचतात. बडोद्याहून हा किनारा सोळा हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथे हंबोल्ट नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून येतो, आणि वाऱ्याने वरचे पाणी दूर सारले की खोलातले गार, सकस पाणी वर उसळते. त्यावर आंचोवेता नावाच्या चिमुकल्या मासळीचे अफाट थवे पोसले जातात. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे वरचे ऊन पाणी पार इंडोनेशियाकडे लोटीत नेतात. इतके की पेरूपेक्षा तिकडची समुद्रसपाटी सुमारे अर्धा मीटर उंच असते. त्या उबदार पाण्यावर ढग दाटतात व पाऊस पडतो.

काही वर्षांनी मात्र हे वारे मंदावतात. पश्चिमेला साठलेले ऊन पाणी पूर्वेकडे पसरते, पेरूचा समुद्र तापतो आणि मासळी दिसेनाशी होते. हे ऊन पाणी बहुधा नाताळच्या सुमारास येते, म्हणून तेथील कोळ्यांनी त्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. नाव गोजिरवाणे, करणी मात्र तशी नव्हे.

या बाळाचा आणि आपल्या पावसाचा संबंध काय, हे कोडे सुटायला बराच काळ लागला. त्याची सुरुवात आपल्याच देशात झाली. १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले. छप्पनियाची जखम तेव्हा ओली होती. पाऊस कोणत्या साली दगा देईल, हे आधी कळावे, या हेतूने त्यांनी जगभरच्या नोंदी जमवून आकडेमोड आरंभिली. त्यांतून दिसले ते असे: पॅसिफिकच्या पूर्वेस हवेचा दाब उतरला की हिंदी महासागराच्या बाजूस तो चढतो, आणि उलट. जणू मुलांच्या खेळातली वरखाली होणारी फळीच! त्यांनी तिला 'दक्षिणी आंदोलन' म्हटले. पुढे १९६० नंतरच्या दशकात याकोब ब्येर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखविले की, वॉकरांची हवेतली फळी आणि पेरूच्या कोळ्यांचे ऊन पाणी या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. ऊन पाणी पूर्वेकडे सरकले की ढगही त्याच्यामागे जातात. आपल्याकडील हवा खाली उतरू लागते आणि मोसमी पावसाचे बळ घटते.

१९७२ हे साल आठवावे. महाराष्ट्रातील नातलगांची दुष्काळाची पत्रे ज्या घरांत आली, त्यांना ते विसरता येणार नाही. त्याच साली एल निनो आला होता, आणि पेरूच्या किनाऱ्यावर, बेसुमार मासेमारीची भर पडून, आंचोवेताचा धंदा कोसळला. मराठवाड्यातला शेतकरी आणि पेरूचा कोळी यांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण दोघांच्या घरची चूल एकाच पाण्याने विझविली.

मात्र एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, असे समजू नये. १९९७ साली तो अतिशय प्रबळ होता, तरी देशात सरासरीइतका पाऊस झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग उबदार व पूर्व भाग थंड होता, आणि त्याने आपल्या पावसाला हात दिला, असे अभ्यासक मानतात. उलट २००२ साली मध्यम एल निनो असूनही पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. समुद्राचा हिशेब एका रकमेने सुटत नाही.

म्हणूनच आज जगभरच्या समुद्रांत सुमारे चार हजार तरंगती यंत्रे सोडलेली आहेत. ती दोन हजार मीटर खोल जाऊन पाण्याची ऊब व खारटपणा मोजतात आणि वर येऊन उपग्रहामार्फत कळवितात. गोव्यात दोना पावला येथे १९६६ पासून राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. हैदराबादेत १९९९ पासून महासागर माहिती सेवा केंद्र आहे. आपल्या वाचकांपैकी कित्येकांच्या गावांतच हे काम चालते, याचा आम्हांला अभिमान वाटतो. त्यात निकडही आहे. मानवी व्यवहारांनी पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रानेच पोटात घेतली आहे. आधण असे तापत राहिले, तर प्रवाहांची जुनी वहिवाट तशीच राहील, असे धरून चालता येत नाही.

छप्पनियाच्या साली आपल्या पूर्वजांना कोणी आधी सावध केले नाही. कारण ते कोणालाच ठाऊक नव्हते. आज काही महिने आधी इशारा मिळू शकतो. तो ऐकून विहिरीतले पाणी व कोठीतले धान्य जपून वापरणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.