भाड्याचीं सौर पॅनेलें आणि घरची बॅटरी

माथ्यावर ऊन तळपत असावें, छपरावर सौर पॅनेलें असावीं, आणि घरांत मात्र वीज नसावी, हा प्रकार वाचकांस विपरीत वाटेल. परंतु अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत आक्टोबर २०१९ मध्यें तो पुष्कळ घरीं घडला. आदल्या वर्षीं वीजवाहिनीमुळें लागलेल्या वणव्यांत पॅरडाइज गांव जळून ८५ माणसें दगावलीं होतीं. म्हणून जोराचा वारा सुटतांच वीज कंपनीनें लाखों ग्राहकांची वीज आपण होऊन तोडली.

तारेंतील वीज गेली कीं पॅनेलांचा इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तो न थांबता तर खांबावर चढलेल्या वायरमनला घराकडून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसता. महावितरणच्या तारेस जोडलेल्या आमच्याकडील छपरांचीही हीच गोष्ट आहे.

बॅटरीबरोबर एक स्वयंचलित स्विच येतो. वीज जातांच तो घरास बाहेरच्या तारेपासून अलग करितो; बॅटरी घरापुरती वीज उभी करिते आणि तिच्याशीं जुळवून पॅनेलें पुनः चालूं लागतात. बॅटरी भरत आली म्हणजे ती विजेची फ्रीक्वेन्सी किंचित् वाढविते, व त्या खुणेनें पॅनेलें हात आंखडतात. आम्हांस या यंत्रांत सर्वांत कौतुक याचेंच वाटलें.

आतां भाड्याची गोष्ट. तेथें अनेकांनीं पॅनेलें विकत न घेतां २० ते २५ वर्षांच्या करारानें घेतलीं आहेत. छप्पर घरधन्याचें, पॅनेलें कंपनीचीं. खंडाच्या जमिनींत कुळानें विहीर खणावयाची म्हटली म्हणजे जो प्रश्न उभा राहतो, तोच येथें. पॅनेलांच्या जोडणीस हात लावण्यापूर्वीं कंपनीची लेखी संमति घेतलेली बरी. नाहींतर हमीवरून तंटा उपस्थित होतो. स्वतःचा निराळा इन्व्हर्टर असलेली बॅटरी जुना इन्व्हर्टर न बदलतां जोडतां येते, म्हणून भाडेकऱ्यास तीच सोईची. शिवाय घर विकावयाचें झाल्यास घेणाराने करार पुढें चालवावा, किंवा विकणारानें पैसे भरून तो मोडावा, ही अडचण आहेच.

बॅटरी किती पुरते? टेस्ला कंपनीची १३.५ युनिटांची बॅटरी फ्रीज, दिवे व पंखे यांस दोन-तीन दिवस सहज चालवील. पण पांच अश्वशक्तीचा पंप तासास साडेचार-पांच युनिटें ओढतो, व सुरू होतांना पांच-सहा पट प्रवाह मागतो. तो अशा बॅटरीवर लावूं नये. मळ्यासाठीं दिवसा पाणी चढवून टाकींत साठविणें पुष्कळ स्वस्त पडतें.

फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत, कंपनीनें स्वखर्चानें पॅनेलें बसवून विजेचे पैसे घ्यावे, ही पद्धतही मान्य आहे. असा कागद पुढें आल्यास पुढें बॅटरी जोडण्याची मुभा, छप्पर दुरुस्तीसाठीं पॅनेलें उतरविण्याचा खर्च आणि मुदतीनंतरची मालकी, हीं तीन कलमें सहीपूर्वीं वाचून घ्यावीं.