बिनदाती करवत

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्या व रोलिंग मिल यांतून निघालेली सळई दूरदूरच्या बांधकामांवर जाते. परंतु अँगल, पाइप आदी लोखंडी माल ज्या चॉप-सॉ यंत्रावर कापला जातो, त्याच्या पात्याला दातच नसतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. ते पाते म्हणजे राळेने सांधलेल्या कठीण कणांची पातळ चकती. 355 मिलिमीटर व्यासाची ही चकती मिनिटास 3800 फेरे घेऊ लागली, की तिची कड ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने धावते. वेग दुप्पट झाल्यास तिला फाडू पाहणारा ताण चौपट होतो. म्हणून तिच्यावर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असेल, तर ती मुळीच चढवू नये. तडा गेलेली चकती बाद करावी, आणि माल व्हाईसमध्ये पक्का आवळावा. पायाने दाबून कापण्याचा जो प्रकार दिसतो, तो निव्वळ आडदांडपणा होय, कारण तुकडा कलताच चकती अडकून फुटते. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाचे 21 वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांस आडोसा, तर 35 वे डोळ्यांस संरक्षण फर्मावत असे. लहान फॅब्रिकेशन दुकानांच्या मालकांनीही, तपासनिसाची वाट न पाहता, आवरण आणि चष्मा यांवाचून यंत्र चालू देऊ नये.