जुना संगणक : दुरुस्ती की निवृत्ती ?

पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावी शाळेत संगणकाची खोली असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पण त्या खोलीतील यंत्रे आठ-दहा वर्षांची झाली, की एक नवाच प्रश्न उभा राहतो. बटण दाबावे, आणि निम्मा तास पडद्यावरचे गोल फिरणारे चिन्ह पाहण्यातच जावा ! मग शाळेत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "हे भंगारात काढा, नवे घ्या." दुसरा म्हणतो, "एखादा भाग बदला, अजून पाच वर्षे चालेल." गंमत अशी, की दोघांजवळही मत असते, माप मात्र कोणाजवळच नसते. शाळेचा पैसा थोडा असतो. तो चुकीच्या जागी गेला, तर खोलीला कुलूप लागण्याची वेळ येते. म्हणून मत देण्यापूर्वी आपण माप घेऊ.

पाणी कोठे अडते ?

नवेगाव खैरीच्या धरणात पेंच नदीचे पाणी काठोकाठ भरले आहे, अशी कल्पना करा. मुख्य कालवाही रुंद आहे. पण तुमच्या शेताकडे येणारी पाटचारी गाळाने भरली असेल, तर शेताला पाणी किती मिळेल ? पाटचारीतून येईल तेवढेच. अशा वेळी धरणाची उंची वाढवून काय उपयोग ?

संगणकाचेही असेच आहे. त्याचे तीन मुख्य भाग ध्यानात ठेवा. प्रोसेसर आकडेमोड करतो. रॅम म्हणजे कामाचे टेबल; हातातले काम तेथे पसरलेले असते. आणि डिस्क म्हणजे कपाट. सारी माहिती तेथे साठवलेली असते. या तिघांपैकी जो सर्वांत मंद, त्याच्या चालीने काम चालते.

फिरत्या चकतीचे गणित

जुन्या संगणकांतील हार्ड डिस्कमध्ये खरोखरीच एक चकती फिरत असते. सामान्यतः तिचा वेग मिनिटाला ७२०० फेरे असतो. म्हणजे सेकंदाला १२० फेरे, आणि एका फेऱ्याला १/१२० सेकंद, म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवी असलेली माहिती वाचकाच्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. शिवाय ते टोक योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी काही मिलिसेकंद लागतात. एकूण १२ मिलिसेकंद धरू.

हा काळ तुम्हांला क्षुल्लक वाटेल. पण संगणक सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेले माहितीचे १०,००० तुकडे वाचावे लागले, तर १०,००० × १२ मिलिसेकंद = १२० सेकंद ! पूर्ण दोन मिनिटे प्रोसेसर हात बांधून बसून राहतो.

नव्या धर्तीच्या एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यात एक तुकडा मिळण्यास साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो.

अ‍ॅमडालचा नियम

आता समजा, तुमचा संगणक सुरू होण्यास १५० सेकंद घेतो. त्यांपैकी १२० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि ३० सेकंद आकडेमोडीत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा बसवला, तर ३० चे १५ होतील. एकूण वेळ १३५ सेकंद. फरक जाणवणारसुद्धा नाही. पण डिस्क बदलली, आणि हात राखून तिचा वेग दसपटच धरला, तरी १२० चे १२ होतात. एकूण ४२ सेकंद!

मात्र यालाही मर्यादा आहे. डिस्क कितीही वेगवान आणली, तरी आकडेमोडीचे ३० सेकंद उरणारच. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ साली मांडलेल्या विचाराचे सार हेच आहे : एक भाग सुधारून होणारा फायदा, त्या भागावर मुळात किती वेळ खर्च होत होता, यावर अवलंबून असतो.

नवा केव्हा घ्यावा ?

मग नवा संगणक कधी घेऊच नये काय ? तसे नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे उदाहरण पाहा. तिचा 'परम युवा' हा महासंगणक २००८ साली आला. त्याचा कमाल वेग ५४ टेराफ्लॉप होता. २०१३ साली आलेल्या 'परम युवा-२' चा कमाल वेग ५०० टेराफ्लॉपच्या वर होता आणि वीज मात्र सुमारे ३५ टक्के कमी लागणार होती. दसपट काम आणि ०.६५ पट वीज. म्हणजे तेवढ्याच आकडेमोडीला सुमारे एक-पंधरांश वीज! जे यंत्र रात्रंदिवस गणिते करते, त्याच्या बाबतीत नवे घेणेच शहाणपणाचे ठरते.

शाळेच्या संगणकाला हाच हिशोब लावा. जुना ८० वॅट घेतो आणि नवा ३० वॅट, असे धरू. दिवसाला ४ तास व वर्षाला २०० दिवस वापरल्यास बचत होते ४० युनिटांची. युनिटला १० रुपये धरले, तरी वर्षाला ४०० रुपये. एवढ्यासाठी नवा संगणक घेणे परवडणार नाही.

पण दुसरी कारणे असू शकतात. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ही प्रणाली साधारणपणे २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरांवर अधिकृतपणे चालत नाही. असे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे. मात्र त्यावर लिनक्स, किंवा लिनक्सवर आधारलेली सी-डॅकची 'बॉस' प्रणाली चालू शकते का, हे आधी पाहावे. मदरबोर्डच बिघडला असेल, किंवा सुट्या भागांची बेरीज नव्याच्या निम्म्या किमतीवर जात असेल, तर मात्र जुन्याला निरोप द्यावा, असे माझे मत आहे.

निरोप देतानाही तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याचा चौथा हिस्सासुद्धा रीतसर गोळा झाल्याची नोंद नाही.

करून पाहा

शिक्षकांच्या परवानगीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. नेहमीचे काम चालू ठेवून सीपीयू, मेमरी आणि डिस्क या तीन रकान्यांतील टक्केवारी दर दहा सेकंदांनी पाच मिनिटे लिहून घ्या व आलेख काढा.

मेमरी सतत ९० टक्क्यांवर असेल, तर आधी रॅम वाढवा. कारण टेबल भरले की संगणक सामान कपाटात कोंबू लागतो आणि डिस्कही उगाच गुंतते. रॅमची पट्टी त्याच पिढीची घ्या. दुसऱ्या पिढीची त्या खाचेत बसतच नाही. मेमरी मोकळी पण डिस्क १०० टक्के असेल, तर एसएसडी. सीपीयूच सतत १०० टक्के असेल, तर प्रथम पंख्यावरील धूळ काढा. उष्णता बाहेर जाण्यास तापमानात फरक हवा. विदर्भातल्या मे महिन्यात तो आधीच कमी असतो, आणि प्रोसेसर फार तापला की स्वतःची चाल मंद करतो. एवढे करूनही सीपीयूचा आकडा उतरला नाही, तरच नव्याचा विचार करा.

तो आलेख मुख्याध्यापकांसमोर ठेवा. निर्णय काहीही होवो, तो मापाच्या आधारे झालेला असेल.