काकरापारची खबर आपल्याला कोण देणार?

दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी बाया कोयता घेऊन बारडोली, व्यारा, मांडवीकडे ऊसतोडीला जातात. परत आल्या की काहीजणी आम्हाला विचारतात, ‘ताई, तिकडे अणूची वीज करतात म्हणे. काही झालं तर आम्हाला कोण सांगणार?’ आज त्याच प्रश्नाबद्दल बोलू.

हे केंद्र म्हणजे गुजरातच्या तापी जिल्ह्यातलं काकरापार. नवापूरपासून सरळ रेषेत साधारण 45 किलोमीटर. तिथे चार अणुभट्ट्या आहेत, दोन जुन्या 220 मेगावॉटच्या आणि दोन नव्या 700 मेगावॉटच्या. केंद्र उकाई धरणाच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळे तिथलं पाणी उलटं चढून आपल्या तापीत येत नाही. वाऱ्याचं मात्र तसं नाही. पावसाळ्यात तो समुद्राकडून आपल्याकडेच वाहतो.

भट्टीत युरेनियम तापतं आणि जड पाणी ती उष्णता वाहून नेतं. त्या उष्णतेवर वाफ करून वीज बनवतात. आता एक गोष्ट नीट समजून घ्या. चुलीतली लाकडं ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात ना? भट्टी बंद केली तरी इंधन तसंच तापत राहतं. त्याला गार ठेवणारं पाणी सतत लागतं. जपानमध्ये फुकुशिमाला 11 मार्च 2011 रोजी त्सुनामी आली, भट्ट्या बंद झाल्या होत्या, पण गार ठेवणारे पंप थांबले आणि इंधन वितळलं.

बरोबर पाच वर्षांनी, 11 मार्च 2016 रोजी सकाळी, काकरापारच्या पहिल्या भट्टीत जड पाण्याची गळती झाली. भट्टी आपोआप बंद पडली, गार ठेवण्याची व्यवस्था चालली, आणीबाणी जाहीर झाली. ती उठायला दहा दिवस लागले. पुढे तपासात इंधनाच्या नळीला तडे गेलेले सापडले. त्या नळ्या बदलून भट्टी 2019 साली पुन्हा सुरू झाली. म्हणजे यंत्रणेने काम केलं, हेही सांगायला हवं.

पण त्या दिवसांत लोकांना काय सांगितलं? किरणोत्सर्ग मर्यादेत आहे, काळजी नको. अणुऊर्जा नियामक मंडळाचेच माजी अध्यक्ष ए. गोपालकृष्णन यांनी तेव्हा माहिती अपुरी असल्याची टीका केली. आम्हालाही वाटतं, ‘मर्यादेत’ हा शब्द एकटा फार कामाचा नाही. दवाखान्यात रक्त तपासलं तर आपण आकडा विचारतोच की! इथेही विचारावं: कुठे मोजलं, किती वाजता, एरवी तिथे किती असतं? सामान्य माणसासाठी केंद्रामुळे होणाऱ्या किरणोत्सर्गाची मर्यादा वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट आहे. त्या शेजारी मोजलेला आकडा ठेवला की आपलं आपल्याला कळतं.

अविश्वासाला जुनं कारणही आहे. जून 1994 मध्ये पुराचं पाणी याच केंद्राच्या टर्बाईनच्या इमारतीत शिरलं. एका कर्मचाऱ्याने त्याबद्दल गुजराती दैनिकाला पत्र लिहिलं. त्याची नोकरी गेली, आणि 2013 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कारवाई कायम ठेवली. आता आतला दुसरा कोणी बोलायला धजेल का? शिवाय नियामक मंडळ पुरेसं स्वतंत्र नाही, असं महालेखापरीक्षकांनी 2012 च्या अहवालात म्हटलं होतं.

आणीबाणीचं नियोजन केंद्रापासून 16 किलोमीटरपर्यंत असतं. त्यात आपलं एकही गाव येत नाही. पण त्या हद्दीत किंवा जवळपास कोपीत राहणाऱ्या आपल्या बाया हंगामापुरत्या तिथल्याच असतात, आणि मतदार यादीत मात्र इथल्या. नवापूर स्टेशनवर गाडीची घोषणा चार भाषांत होते. फडावरच्या इशाऱ्यालाही मराठी आणि आपली बोली लागेल.

म्हणून जाण्याआधी मुकादमाला विचारून ठेवा: आपला फड केंद्रापासून किती दूर, आणि खबर आली तर ती कोण आणणार? इशारा मिळालाच तर पक्क्या घरात जा, दारं-खिडक्या लावा, उघड्यावरचं पाणी आणि भाजी वापरू नका. आयोडीनच्या गोळ्या सांगितल्याशिवाय घेऊ नका. त्या फक्त गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला वाचवतात, आणि वेळेवर घेतल्या तरच. कोपीला दारच नसतं, हे आम्हाला माहीत आहे. जवळची शाळा कोणती, ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.