समुद्रतळीच्या मात्रा

बुऱ्हाणपुरास समुद्र नाही. परंतु आमची तापी सुरतेपाशी त्यास मिळते, आणि इथले कापडही एके काळी सुरतेहूनच गलबतांत चढे. म्हणून बुडालेल्या जहाजांचे मला कुतूहल.

गोव्याच्या सुंची खडकापाशी १७ व्या शतकारंभीच्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष आहेत. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना तेथे लोखंडी तोफा, हस्तिदंत व चिनी मातीची भांडी आढळली.

गढूळ पाण्यात डोळे काय कामाचे? होकायंत्र दिशा दाखविते. अंतर मात्र पाणबुड्या पायांनी मोजतो. ठरावीक अंतरास किती फटकारे लागतात हे आधी पोहून पाहायचे, मग तेवढे मोजीत जायचे. हा तर ठेकाच! लय चढली की हिशेब बिघडला; प्रवाह समोरून असला की मात्रा वाढतात. माझे शिष्य सोळा मात्रांतही चुकतात, पण सम हुकल्याने कोणी गुदमरत नाही.

जहाजाच्या पोटात मात्र ही गणतीही पुरत नाही. पाय जरा जोरात हलला की गाळ उठून अंधार होतो. म्हणून दोरी बाहेर बांधून, उलगडीत आत शिरायचे आणि तिच्याच आधाराने परतायचे. हवेचा एक तृतीयांश वाटा जाण्यास, एक परतण्यास, उरलेला अडचणीसाठी. समोर चार हातांवर तोफ दिसत असली, तरी पहिला वाटा सरताच मागे वळायचे.